इंजिनाचे चित्र आणि घड्याळाची साक्ष

जुन्या वस्तूंच्या बाजारात, मग तो मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, खिशातले घड्याळ दाखवा म्हटले की विक्रेता बहुधा आधी ‘रेल्वेचे घड्याळ’ पुढे करतो. घड्याळ चांगले वजनदार असते. डबीच्या पाठीवर वाफेच्या इंजिनाचे चित्र उठवलेले असते. तबकडीवर ठसठशीत आकडे असतात, आणि ‘गार्डसाहेबांचे आहे, शंभर वर्षांचे’ अशी तोंडी हमीही मिळते. जुनी घड्याळे जमवण्याचा छंद नुकताच लागलेला माणूस या वर्णनावर खूश होऊन पैसे मोजतो.

आता प्रश्न असा, की हे घड्याळ रेल्वेचे आहे हे ठरवायचे कसे? इतिहासाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की साधनाने स्वतःबद्दल काय म्हटले आहे आणि त्या साधनावरून काय सिद्ध होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळालाही हेच लागू पडते. तबकडी आणि डबी हे घड्याळाचे म्हणणे. आतले यंत्र हा त्याचा पुरावा. हे दोन्ही वाचता येण्यासाठी मात्र रेल्वेला घड्याळाची गरज का पडली, इथपासून सुरुवात करावी लागते. त्यासाठी भंडारा जिल्ह्यातले साकोली हे ठिकाण फार सोयीचे आहे.

साकोलीची वेळ आणि मद्रासची वेळ

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे प्रत्येक गावाची सूर्यावरून ठरणारी वेळ वेगळी असते. पूर्वी लोक तीच वापरत. मुंबईत मध्यान्ह होते तेव्हा कलकत्त्यात मध्यान्ह होऊन तासाभराहून अधिक वेळ गेलेला असतो. बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला या फरकाने काही अडत नव्हते. आगगाडीचे वेळापत्रक छापायचे झाले तेव्हा मात्र हा फरक अडचणीचा ठरला. मुंबईची वेळ धरायची की कलकत्त्याची? १८७० च्या सुमारास रेल्वेने मधला मार्ग काढला आणि मद्रासच्या वेधशाळेची वेळ ही रेल्वेची वेळ मानली. ती तारायंत्राने स्टेशनांना कळवली जाई.

नकाशावर साकोली शोधा. तिचे रेखांश सुमारे ८० अंश पूर्व आहेत. मद्रास वेधशाळेचे रेखांश सुमारे ८० अंश १५ मिनिटे. फरक पाव अंशाचा, म्हणजे वेळेत एका मिनिटाचा! साकोली मद्रासपासून कितीतरी उत्तरेला असली तरी दोघींची मध्यान्ह जवळजवळ एकाच क्षणी होते. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही तिच्या मुख्य मार्गावरची स्टेशने. तिथल्या स्टेशनमास्तरांच्या खिशातले घड्याळ मद्रासची वेळ दाखवत असे, आणि ती या भागातल्या उन्हाच्या वेळेशी जवळपास जुळत असे. मुंबईकराला मात्र रेल्वेची वेळ आपल्या गावच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने पुढे वाटे. रेल्वेची वेळ परकी वाटण्याचा जो अनुभव मुंबईला आला, तो भूगोलाच्या कृपेने साकोलीच्या वाट्याला आला नाही.

१ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मद्रासची वेळ दाखवणारी घड्याळे सुमारे ९ मिनिटे पुढे सरकवावी लागली. मुंबईत या बदलाला विरोध झाला, आणि तिथे जुनी ‘मुंबईची वेळ’ १९५५ पर्यंत वापरात राहिली. साकोलीजवळच्या सौंदडवरून जाणारा गोंदिया–नागभीड हा अरुंद रुळांचा फाटा १९०८ साली सुरू झाला, तेव्हा प्रमाणवेळ दोन वर्षांची झाली होती.

शाळेत हे पडताळून पाहता येते. १५ एप्रिल किंवा २५ डिसेंबरच्या आसपास मैदानात एक सरळ काठी उभी करा आणि तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते पाहा. साकोलीत ती १२ वाजून सुमारे १० मिनिटांनी पडेल. इतर दिवशी पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या आसाच्या कलण्यामुळे यात काही मिनिटांची भर किंवा घट होते. म्हणून हे दोन दिवस सोयीचे.

रेल्वेचे घड्याळ कशाला म्हणायचे?

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या ठरलेल्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. अमेरिकेत हे काम बरेचसे वेळापत्रक आणि घड्याळ यांच्या भरवशावर चाले. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन या ठिकाणी दोन गाड्यांची टक्कर होऊन माणसे दगावली. गाडीवरच्या एका कर्मचाऱ्याचे घड्याळ चार मिनिटे मागे पडले होते, असे या अपघाताबद्दल सांगितले जाते. त्यानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांच्या तपासणीचे काम आले आणि घड्याळांसाठी कडक अटी ठरत गेल्या. घड्याळ आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त चुकता कामा नये, त्यात किमान १७ ज्वेल हवेत, ते उभे-आडवे अशा पाच स्थितींत जुळवलेले हवे, उष्णतेच्या फरकाने बिघडता कामा नये, तबकडी स्पष्ट वाचता यावी, आणि काटे चुकून हलू नयेत म्हणून ते फिरवण्यासाठी वेगळी कळ हवी, या त्यांतल्या मुख्य अटी.

३० सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. म्हणजे चूक सुमारे २०,००० भागांत एक भाग. अशा घड्याळाचे दोलनचक्र सेकंदाला ५ ठोके देते. आठवड्याचे ३०,२४,००० ठोके होतात, आणि त्यांत फार तर १५० ठोक्यांची चूक चालते. खिशात हिंदकळणाऱ्या एका यंत्राकडून ही अपेक्षा!

भारतात गाडी सोडण्याची सुरक्षितता ‘लाइन क्लिअर’ आणि टोकन यांवर अधिक अवलंबून होती. तरी गार्ड, ड्रायव्हर आणि स्टेशनमास्तर यांना भरवशाचे घड्याळ लागेच. रेल्वे कंपन्या अशी घड्याळे विकत घेऊन कर्मचाऱ्यांना वापरायला देत, आणि डबीवर कंपनीची आद्याक्षरे आणि क्रमांक कोरत. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ हे नाव जुन्या भारतीय घड्याळांवर पुष्कळदा दिसते. या कंपनीचा व्यवहार मुंबई आणि कलकत्त्यातून चाले, घड्याळाची यंत्रे मात्र स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यांतून येत. म्हणजे तबकडीवरचे नाव विकणाऱ्याचेही असू शकते, बनवणाऱ्याचेच असेल असे नाही.

साकोलीचा उन्हाळा आणि घड्याळाची कमान

‘उष्णतेच्या फरकाने बिघडता कामा नये’ ही अट विदर्भातल्या माणसाला लगेच पटावी. घड्याळातले दोलनचक्र केसासारख्या बारीक कमानीमुळे, म्हणजे हेअरस्प्रिंगमुळे, पुढेमागे फिरते. ही कमान साध्या पोलादाची असेल तर उष्णतेने तिची लवचिकता बदलते, ती मऊ पडते आणि घड्याळ मागे पडू लागते. हा फरक एका सेल्सियस अंशाला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद इतका असतो. पूर्व विदर्भात थंडीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश तापमान असू शकते. फरक ३५ अंशांचा. घड्याळ दिवसभर या तापमानांत राहिले तर दिवसाला सुमारे ६ मिनिटांचा फरक पडेल. अंगावरच्या खिशात तापमान इतके बदलत नाही, म्हणून प्रत्यक्षात चूक कमी होते, पण ३० सेकंदांच्या आठवड्याच्या अटीपुढे ती पुष्कळच राहते.

यावरचा उपाय सुंदर होता. दोलनचक्राची कड दोन धातूंची करायची, आत पोलाद आणि बाहेर पितळ, आणि ती दोन ठिकाणी कापायची. उष्णतेने पितळ अधिक प्रसरण पावते, कडेची मोकळी टोके आत वळतात, चक्राचे जडत्व कमी होते आणि ते थोडे वेगाने फिरते. मऊ पडलेल्या कमानीची भरपाई अशी होते. इस्त्रीतल्या द्विधातू पट्टीचे तत्त्व इथे एका नाण्यापेक्षा लहान चाकात वापरलेले दिसते. पुढे शार्ल गियोम यांनी निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू शोधले, की ज्यांवर उष्णतेचा परिणाम फारच थोडा होतो. त्यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते घड्याळजींच्या घराण्यातले होते.

मग इंजिनाचे चित्र कुठून आले?

आता इंजिनाच्या चित्राकडे वळू. १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ या गावी जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ यांनी साध्या कामगाराला परवडावे असे २० फ्रँकचे घड्याळ विक्रीला आणले. त्यात अवघे ५७ भाग होते. माणकाच्या खड्यांऐवजी पोलादी खुंट्या होत्या. ही रचना पुढे अनेक कारखान्यांनी उचलली आणि अशी घड्याळे जगभर गेली. आगगाडी ही त्या काळी वक्तशीरपणाची खूण होती. म्हणून स्वस्त घड्याळांच्या डब्यांवर इंजिनाचे चित्र उठवण्याची आणि तबकडीवर ‘रेग्युलेटर’ असा शब्द छापण्याची चाल पडली. खऱ्या रेल्वेच्या घड्याळाला असल्या जाहिरातीची गरज नव्हती. त्याच्या पाठीवर बहुधा नुसती आद्याक्षरे आणि क्रमांक असतो.

याचा अर्थ रॉस्कॉफ पद्धतीचे घड्याळ कमअस्सल असा नाही. वेळ खिशात बाळगणे ही श्रीमंतांची चैन होती, ती या घड्याळाने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. संग्रहात त्याला मानाची जागा द्यावी. फक्त त्याला रेल्वेच्या घड्याळाची किंमत देऊ नये.

दुसरी गुंतागुंत अमेरिकेतल्या वॉल्थम आणि एल्जिन या कारखान्यांमुळे झाली. १८५० नंतरच्या काळात वॉल्थमने यंत्रावर एकसारखे भाग बनवण्याची पद्धत आणली. त्याआधी कारागीर प्रत्येक घड्याळाचा प्रत्येक भाग हाताने जुळवत असे. एकसारखे भाग झाल्यामुळे घड्याळे स्वस्त झाली आणि दुरुस्ती सोपी झाली. पण त्याच सोयीमुळे आज चार मोडक्या घड्याळांतून एक चालते घड्याळ उभे करता येते. एकाची तबकडी, दुसऱ्याचे यंत्र, तिसऱ्याची डबी. असे घड्याळ वेळ बरोबर दाखवील, पण इतिहासाचे साधन म्हणून त्याची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही.

विकत घेण्याआधी काय पाहावे?

पहिली गोष्ट, मागचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. ते विक्रेत्याने किंवा घड्याळजीने उघडावे. आपण चाकूचे टोक घालू नये. काही झाकणे बिजागरीची असतात, काही आट्यांची. उघडून दाखवायला नकार मिळाला तर घड्याळ खाली ठेवावे.

यंत्रावरचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा. वॉल्थम आणि एल्जिन यांच्या क्रमांकांवरून घड्याळाचे साल बऱ्याच अंशी ठरवता येते. डबीवरचा क्रमांक वेगळा असेल तर लगेच संशय घेऊ नये, कारण अमेरिकेत यंत्र आणि डबी वेगवेगळी विकत घेण्याची रीत होती. मात्र डबीवर स्क्रूच्या जुन्या खुणा दिसत असतील आणि त्या आताच्या यंत्राच्या स्क्रूंशी जुळत नसतील, तर यंत्र नंतर बसवलेले आहे असे समजावे.

चावी देण्याची पद्धत पाहावी. डबीला किंवा यंत्राला किल्लीचे भोक असेल तर घड्याळ जुन्या पद्धतीचे. वरच्या गुंडीने चावी देण्याची पद्धत १८४० च्या दशकात निघाली आणि नंतर हळूहळू सर्वत्र पसरली.

कोरलेली आद्याक्षरे इतिहासाशी ताडून पाहावीत. बंगाल नागपूर रेल्वेची अक्षरे आणि जोडीला १८८० साल असेल, तर ते कोरीव काम खोटे, कारण तेव्हा ती कंपनीच नव्हती. १९५२ साली ही रेल्वे पूर्व रेल्वेत विलीन झाली, म्हणून त्यानंतरच्या घड्याळावर ही अक्षरे शोभत नाहीत. अक्षरांच्या कडाही पाहाव्यात. डबीचा बाकीचा पृष्ठभाग खिशात घासून गुळगुळीत झालेला आणि अक्षरांच्या कडा मात्र धारदार, हे एका वेळचे काम नव्हे.

धातूच्या नावांना भुलू नये. चांदीच्या डबीवर ०.८००, ०.९२५, ०.९३५ असे आकडे असतात. ते हजार भागांत चांदीचे किती भाग आहेत हे सांगतात. ‘जर्मन सिल्व्हर’ मध्ये चांदी अजिबात नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. ‘सिल्व्हरॉइड’ यासारखी नावेही तशीच. सोनेरी डबीवर ‘२० वर्षे हमी’ असे असेल तर ती सोन्याचा पातळ पत्रा चढवलेली डबी होय. वरचा पत्रा इतकी वर्षे झिजणार नाही, एवढाच त्या हमीचा अर्थ.

शेवटी घड्याळ कानाशी धरावे आणि मग यंत्राकडे पाहावे. दोलनचक्र मोकळेपणाने आणि ऐसपैस फिरते का? झटका दिला की थोडे चालून थांबते का? जुन्या घड्याळांत धक्का सोसण्याची सोय नव्हती, म्हणून पडल्यावर दोलनचक्राचा बारीक आस मोडत असे, आणि तो बदलणे खर्चाचे काम आहे. ‘चावी जास्त बसल्यामुळे बंद आहे’ या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. पूर्ण चावी दिलेले घड्याळ चालत नसेल, तर बहुधा आतले तेल सुकून चिकट झालेले असते किंवा काही भाग मोडलेला असतो. दुरुस्तीला किती खर्च येईल हे घड्याळजीला विचारून मगच किंमत ठरवावी.

एक छोटा प्रयोगही करून पाहता येतो. चालू घड्याळावर लहान होकायंत्र ठेवा. सुई घड्याळाच्या ठोक्यांबरोबर थरथरू लागली, तर दोलनचक्राच्या आसपासचे पोलाद चुंबकित झालेले आहे. असे घड्याळ वेळ नीट दाखवत नाही. घड्याळजी हा दोष काढू शकतो.

चमकणाऱ्या आकड्यांबद्दल इशारा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही घड्याळांचे आकडे आणि काटे अंधारात दिसावेत म्हणून त्यांना रेडियम मिसळलेला रंग लावत. अशा रंगात रेडियमचे किरण झिंक सल्फाइडवर पडून ते चमके. काही वर्षांत झिंक सल्फाइड निकामी होते आणि चमक जाते, पण रेडियम जात नाही. त्याचे अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. म्हणून ‘आता चमकत नाही, म्हणजे धोका नाही’ हा तर्क चुकीचा.

बंद काचेआड धोका कमी असतो, कारण अल्फा कण काच ओलांडू शकत नाहीत. काच काढली आणि रंगाची पूड श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. रेडियम रासायनिक दृष्ट्या कॅल्शियमसारखे असल्याने ते हाडांत जाऊन बसते. अमेरिकेत १९२० च्या सुमारास तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांनी नीट करत. त्यांतल्या अनेकींना जबड्याचे आणि हाडांचे असाध्य विकार झाले. पिवळट-तपकिरी, जाडसर रंगाचे आकडे असलेले घड्याळ नवशिक्याने विकत घेऊ नये, घरात असेल तर उघडू नये, आणि वर्गात तर मुळीच आणू नये.

मोडीत जाणारे कागदपत्र

चांदीचा भाव चढला की जुनी घड्याळे सराफाकडे मोडीत निघतात. डबी वितळवली जाते, यंत्र भंगारात जाते. सराफाच्या तराजूला ग्रॅमच कळतात. डबीवर कोणत्या रेल्वेची अक्षरे होती, ती कोणी बाळगली, हे त्या भट्टीत कायमचे नाहीसे होते. आपल्याकडे रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या, जुन्या मालगुजारांच्या, वकिलांच्या आणि शिक्षकांच्या घरांत अशी घड्याळे पेटीच्या तळाशी पडून असण्याचा संभव आहे. कारागीर म्हातारे होत चालले आहेत, आणि ज्यांना घड्याळाची हकिगत आठवते ती माणसेही.

म्हणून नवशिक्या संग्राहकाने पहिली खरेदी करण्याआधी आपल्याच गावात पाहणी करावी, असे मी सुचवीन. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज जमेल. एका कागदावर रकाने आखावेत: तबकडीवरचे नाव, यंत्रावरचे नाव आणि क्रमांक, चावीची पद्धत, ज्वेल किती, डबीचा धातू आणि त्यावरच्या खुणा, घड्याळ कोणी वापरले, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटच्या दोन रकान्यांतली माहिती ऐकीव असते. बाकीची घड्याळावर वाचता येते. दोन्ही वेगवेगळ्या शाईने लिहावी, म्हणजे म्हणणे कोणते आणि पुरावा कोणता हे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल. चमकत्या आकड्यांच्या घड्याळांची नोंद काच न काढता, मोठ्यांच्या देखत करावी, आणि कोणतेही घड्याळ विद्यार्थ्यांनी स्वतः उघडू नये. झाकण उघडायला गावातल्या घड्याळजीला एक दिवस शाळेत बोलवावे. त्याला भिंगातून जे दिसते ते मुलांनाही पाहू द्यावे.

एवढे झाल्यावर बाजारात गेलात, तर इंजिनाचे चित्र दिसताच तुम्ही आधी मागचे झाकण उघडून मागाल. आणि तुमच्या माहितीतले एखादे घड्याळ मोडीत निघणारच असेल, तर निदान त्याआधी तो कागद भरून ठेवा.